लिओचे सतरा कोवळे

लिओ तुस्कानोला कुणी हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, की तो आधी मनात म्हणायचा, याला आज काय हवंय? यात त्याचा स्वभाव थोडा आणि नोकरी जास्त. आखातातल्या फुजैराच्या एका ऑइल टर्मिनलवर तो तेवीस वर्षं स्टोअरकीपर. स्टोअरच्या खिडकीशी येणारा माणूस काही ना काही मागायलाच येतो. ‘लिओ, जेवलास का?’ एवढंच विचारायला ऑगस्टच्या उन्हातून तिथवर कोण मरायला येणार? त्यामुळे वसईजवळच्या गिरीजमधून आला तेव्हा चांगला हसरा मुलगा होता, त्याचा हळूहळू असा माणूस झाला की कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा आणि दहा पावलं जाऊन पुन्हा मागे यायचा.

खोटारडा ओळखायची त्याची स्वतःची एक कसोटी होती. ज्याचं काम खरंच अडलंय तो नेमका पार्ट मागतो. साईज सांगतो, नंबर सांगतो आणि तो नसला तर कपाळाला हात लावतो. पण जो म्हणतो, ‘कुठलाही दे, चालेल,’ त्याचं काही अडलेलं नसतं. त्याला नुसता माल काढायचा असतो. फार पूर्वी एका फिटरने असंच ‘कोई भी चलेगा भाई’ म्हणत चार बेअरिंग नेली होती आणि आठवड्याने ती इंडस्ट्रियल एरियातल्या एका भंगारवाल्याकडे मिळाली. तेव्हापासून लिओने ही कसोटी देवाच्या दहा आज्ञांच्या शेजारी अकरावी म्हणून बसवली. नव्या प्रत्येक फोरमनला तो ही गोष्ट ऐकवायचा. जुने लोक शेवटचं वाक्य त्याच्याआधीच म्हणून टाकायचे.

आता असा हा माणूस बेसबॉलच्या नादाला कसा लागला, तर ते सगळं एका अमेरिकन इंजिनिअरमुळे. त्याने टर्मिनलवर आठ जणांची एक लीग काढली आणि वर्षभरात नोकरी बदलून स्वतः निघून गेला. लीग मात्र राहिली. आठांतल्या एकाने कधी बेसबॉलची बॅट हातात धरली असेल तर शपथ! पण फोनवर प्रत्येकाची तीस खेळाडूंची टीम होती. खेळाडू खरे, अमेरिकेत खेळणारे. ते तिकडे जसे खेळतील तसे इकडे गुण. आणि यातली खरी मजा अशी, की वर्ष संपलं तरी टीम मोडत नाही. आपला खेळाडू आपण सोडेपर्यंत किंवा कुणाशी अदलाबदल करेपर्यंत वर्षानुवर्षं आपलाच.

मग ओघाने यायचा तो वाद. तीस जागांपैकी कोवळे किती ठेवायचे? कोवळे म्हणजे सतरा-अठरा वर्षांची पोरं, अजून खालच्या लीगमध्ये धडपडणारी. आज त्यांचा गुण शून्य. चार-पाच वर्षांनी एखादा मोठा खेळाडू होईल, नाहीतर कुठेतरी गाड्या धुवायला लागेल. एचआरमधली समिधा, जी पाचदा जिंकली होती, ती म्हणायची, “सहा. सातवा म्हणजे हाव. दहांतले दोनच वर येतात, बाकी नुसती जागा अडवतात.” लिओकडे होते सतरा. सतरा! अर्धी टीम पाळण्यात. दरवर्षी तो सातवा नाहीतर आठवा यायचा, पण एकाला हात लावू द्यायचा नाही. एकदा त्याने एक पोरगा सोडला होता. तो अकाउंट्समधल्या परेशने उचलला आणि दोन वर्षांत तो पोरगा असा तळपला की परेश अख्खा महिना कँटीनमध्ये छाती काढून फिरला. तेव्हापासून लिओने ठरवलं, की आपल्याकडचं जे जाईल ते दुसऱ्याकडे जाऊन सोनं होणार. त्यापेक्षा राहू दे शेल्फवर.

आणि विलास? जेट्टीवरचा शिफ्ट सुपरवायझर, रेवदंड्याचा विलास ठाकूर. तो एकही कोवळा ठेवायचा नाही. “मला आज खेळणारा माणूस दे,” म्हणायचा. “उद्याचं उद्या.” सगळे पस्तिशीच्या पुढचे, नाव कमावलेले खेळाडू. दुसरा-तिसरा यायचा आणि त्यात खूश असायचा.

लिओचं या विलासवाचून पान हलायचं नाही. बायको फिलोमिना मुलीच्या कॉलेजसाठी वसईला परत गेली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला विलास लिओच्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दोन ग्लास चहा घेऊन खाली यायचा. त्या वेळी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मॅच नुकत्या सुरू होत असतात. एका फोनवर दोन डोकी. लिओ आपल्या पोरांची नावं घेत बसायचा, येफ्री काल दोनदा पळाला, कोलचा खांदा सुधारतोय. विलास ऐकायचा. ज्याच्याशी बोलताना लिओला शब्द मोजावे लागत नव्हते, असा फुजैरात हा एकच माणूस. ज्याच्या भरवशावर लिओने खोली उघडी टाकून खाली दुकानात जावं, असाही हा एकच.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी चहाचा घोट घेऊन विलास म्हणाला, “लिओ, तुझे तीन कोवळे मला दे ना. माझा मोठा पिचर घे.”

लिओला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आणि विलासचा हा पिचर म्हणजे लीगमधला सगळ्यात भारी माल. समिधाने दोन वर्षं त्याच्यासाठी मिनतवाऱ्या केल्या होत्या.

“कोणते तीन?” लिओने विचारलं.

“कुठलेही दे. चालतील.”

झालं! लिओच्या हातातला ग्लास तसाच राहिला. मनात पाल चुकचुकली, आणि साधीसुधी नाही. अकरा वर्षं ज्याने एक कोवळा ठेवला नाही, त्याला एकदम तीन हवेत, तेही कुठलेही, आणि बदल्यात सोन्याचा तुकडा. स्टोअरच्या खिडकीवर हे वाक्य बोलणाऱ्याला लिओने तिथल्या तिथे परत पाठवला असता. पण हा विलास होता.

“बघतो,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने गळ टाकला. सतरांतले सगळ्यात टाकाऊ तीन काढले. एकाच्या कोपराचं ऑपरेशन झालेलं, एक चार वर्षं एकाच पायरीवर अडकलेला, एकाचा तर फोटोसुद्धा ॲपवर नव्हता. “हे तीन देतो,” म्हणाला आणि विलासच्या तोंडाकडे बघत राहिला.

“चालेल की,” विलास म्हणाला. मग जरा थांबून, “तो चार वर्षांवाला किती वर्षांचा आहे? तेवीस? त्याच्याऐवजी एखादा लहान बघ. बाकी ठीक.”

लिओ त्या दिवशी कामावर गेला तो डोक्यात भुंगा घेऊनच. कोपर मोडलेला चालतो, फोटो नसलेला चालतो, वय मात्र लहान हवं. का? संध्याकाळी त्याने एकेका पोराचं नाव घालून फोनवर जे जे सापडेल ते वाचलं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या स्पॅनिश बातम्यासुद्धा यंत्राकडून भाषांतर करून वाचल्या. कुठे काही नाही. साधा माणूस यावर म्हणाला असता, काही नाही म्हणजे काही नाही. लिओ म्हणाला, काही सापडत नाही म्हणजे व्यवस्थित लपवलंय!

फिलोमिनाला फोनवर सांगितलं तर ती कंटाळली. “अरे, मग विचार ना त्याला सरळ, कशाला हवेत म्हणून.”

“विचारलं की माणूस सावध होतो.”

“माणूस आहे की चोर? विलासबद्दल बोलतोयस तू, लिओ. तू टायफॉइडने पडला होतास तेव्हा कोण बसलं होतं उशाशी? मी तर इथे होते.”

“म्हणून तर,” लिओ म्हणाला. “दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी झोपलो असतो शांत.”

आणि हे अगदी खरं होतं. पोरं गेली खड्ड्यात, पिचर गेला खड्ड्यात. विलाससुद्धा फसवणारा निघाला, तर मग या अकरा वर्षांच्या सकाळींचं काय करायचं? हा प्रश्न त्याला आतून कुरतडत होता. सरळ विचारण्याचं धैर्य मात्र होईना. उत्तर वाईट आलं तर?

त्यात एकदा हातमोज्यांच्या मागणीपत्रावर सही घ्यायला तो एचआरमध्ये गेला. काचेच्या केबिनमध्ये विलास आणि समिधा डोक्याला डोकं लावून बसलेले. लिओ दार ढकलून आत आला तशी समिधाने समोरची फाईल पटकन पालथी घातली.

“बोला, लिओ सर,” ती म्हणाली. फार गोड.

विलास उठला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून “येतो रे” म्हणाला आणि निघून गेला. लिओला तो हात जड लागला. समिधा! पिचरच्या मागे दोन वर्षं लागलेली समिधा. म्हणजे यांचं आतून काहीतरी शिजतंय. ही पोरं विलासकडे जाणार, तिथून समिधाकडे सरकणार आणि आपण एका पिचरला कवटाळून बसणार. त्यांना काय माहीत आहे, जे आपल्याला माहीत नाही?

शुक्रवारी परेश भेटला, हातात पिशवी. पिशवीत प्रेशर कुकर.

“विलासदादांनी दिला,” परेश म्हणाला. “असाच. म्हणाले, ठेव तुला.”

“नवा वाटतोय.”

“मागच्या वर्षीचा. दोनशे दिरहमचा आहे सर, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये झाले!”

पाच हजारांचा कुकर असाच? आणि परेशला? अदलाबदलीवर कुणी हरकत घेतली तर लीगमध्ये मतदान व्हायचं, आणि परेशचं एक मत होतं. लिओने त्याला बाजूला घेऊन हळूच सगळं सांगितलं. परेशला दुसऱ्याच्या भांडणाची फोडणी फार आवडायची. डोळे बारीक करून म्हणाला, “सर, दाल में कुछ काला है. पक्का.” आणि कुकर सांभाळत गेला.

पुढचा आठवडा लिओने चहा घेतला, पण नावं घेतली नाहीत. विलासने दोनदा विचारलं, “येफ्रीचं काय रे?” लिओ म्हणाला, “बघितलं नाही.” विलासने तिसऱ्यांदा विचारलं नाही. गुरुवारी सकाळी जाताना मात्र म्हणाला, “त्या तिघांचं काय ते सांग बाबा. महिनाअखेर अदलाबदलीची मुदत संपते. मला जरा घाई आहे.”

घाई! चोराला घाई असतेच. लिओने दुपारी, स्टोअरमध्ये दोन रॅकच्या मधे उभं राहून लीगच्या ग्रुपवर लिहिलं. राग इतका साठला होता की थांबवेना.

‘विलास आणि समिधा यांचं आतून ठरलेलं आहे. मला मोठा पिचर दाखवून माझे कोवळे काढायचे आणि मागाहून वाटून घ्यायचे. मतासाठी कुकर वाटले जातायत. हा ट्रेड मी करत नाही. विलासचे आजपर्यंतचे सगळे ट्रेड तपासावेत.’

समिधाचं उत्तर आलं, ‘सर, हे फार झालं.’ परेश, जो फोडणी घालून गेला होता, तो एकदम गप्प. विलासच्या नावापुढे ‘टायपिंग’ दिसत राहिलं, गेलं, परत दिसलं. लिओ बघत उभा. शेवटी दोनच अक्षरं आली. ‘बरं.’ आणि त्याखाली ओळ आली, की विलास ठाकूर यांनी ग्रुप सोडला.

दुसऱ्या सकाळी सहाला जिन्यावर पावलं वाजली नाहीत. तिसऱ्याही नाही. लिओ स्वतःला म्हणाला, बघ, तोंड लपवतोय, खरा असता तर भांडला असता. असं तो रोज म्हणायचा आणि रोज सहाच्या आधी दाराची कडी काढून ठेवायचा. पिचर त्याला मिळाला नव्हता, पोरं सतराच्या सतरा जागेवर होती. येफ्री एक पायरी वर चढला, ज्याची दोन वर्षं वाट बघितली होती. लिओने ते वाचलं, मान वर केली, आणि सांगायला खोलीत कुणी नव्हतं. इतकं एकटं त्याला फिलोमिना गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. पण वर जाऊन दार वाजवायचं म्हटलं की पाय अडायचे. आपणच बरोबर आहोत, असं ठरवून बसल्यावर जिना चढणार कसा?

महिना असाच गेला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, बाराच्या सुमाराला स्टोअरच्या खिडकीवर सावली पडली. लिओने वर बघितलं. विलास होता. एका हातात मोठी पिशवी, दुसऱ्या हातात कागद. कागद त्याने खिडकीतून आत सरकवला.

तो फॉर्म लिओला पाठ होता. कंपनी सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला तो घेऊन सात खात्यांत फिरावं लागतं. दिलेलं सामान सगळं परत आलं, अशी सही मिळाल्याशिवाय शेवटचा हिशेब होत नाही. चौथी ओळ स्टोअरची. वर नाव, विलास गणपत ठाकूर. शेवटचा दिवस, तीस सप्टेंबर. राजीनामा जुलैचा.

“हे काय?” लिओने विचारलं.

“चाललो घरी. रेवदंड्याला. साठ झाली की रे.”

“जुलैत दिलास? आणि बोलला नाहीस?”

“समिधाला सांगून ठेवलं होतं, कुणाला कळू देऊ नको म्हणून. केक, शाल, भाषणं, मला नाही झेपत ते. तुला सांगणारच होतो. चहाच्या वेळी, नीट.” विलासने घाम पुसला. “मग ते राहिलंच.”

लिओने फॉर्मवर हात ठेवला. पालथी फाईल, कुकर, घाई, सगळं एकदम त्याच्या डोक्यात सुलट झालं. जाणारा माणूस भांडी वाटतो, दुसरं काय करणार? पण एक गोष्ट अजून उलटीच होती.

“आणि कोवळे? ते कशाला हवे होते?”

“जाऊ दे ना आता.”

“नाही, सांग. तुझ्या पाया पडतो.”

विलासने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, “माझी टीम बघितलीस ना? सगळे म्हातारे. दोन वर्षांत सगळे घरी बसणार, माझ्यासारखे. तिकडे घरात कोण आहे? मुलगा पुण्यात. म्हटलं, सकाळी साडेसातला ओटीवर चहा घेऊन बसायचं, तर फोनमध्ये बघायला दहा वर्षं पुरेल असं कुणीतरी हवं. मोठा खेळाडू होवो न होवो, मला काय त्याचं? आज वर गेला, आज पडला, एवढं तुला फोन करून सांगायला झालं असतं. तू ऐकलं असतंस. तुझीच पोरं ना ती.”

म्हणून कुठलाही चालत होता. म्हणून वय तेवढं लहान हवं होतं. इतकी वर्षं जी कसोटी एकदाही चुकली नाही, ती लिओने जगातल्या एकाच अशा माणसावर लावली होती, ज्याला खरोखरच कुठलाही चालणार होता. आपण काय केलं, काय केलं हे, एवढंच लिओच्या मनात फिरत होतं.

“सगळे घे,” तो म्हणाला. “सतराच्या सतरा. पिचर नको मला. मी समिधाशी बोलतो, तुला परत लीगमध्ये घेतो, मुदत वाढवून घेतो. आजच. येफ्री वर चढलाय विलास, माहीत आहे तुला? तोही घे.”

विलास त्याच्याकडे बघत राहिला. अकरा वर्षांत त्याने लिओकडे असं कधी बघितलं नव्हतं, डोळे किंचित बारीक करून.

“फुकट?” त्याने विचारलं. “एकदम सगळे? काय झालंय त्यांना, लिओ? काही बातमी आलीय का?”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर लिओ हसला असता, रडला असता, खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा दंड धरला असता. विलास खरंच विचारत होता.

“काही नाही रे,” लिओ म्हणाला. “शपथ. काहीच नाही झालं.”

“बरं,” विलास म्हणाला. “बघू. तू आधी सही दे. समिधा जेवायला जाईल.”

लिओने पेन उचललं. पिशवीकडे त्याने बघितलंही नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तो न बघता सही करणार होता, आणि विलासने ते बघावं असं त्याला फार वाटत होतं. पेन कागदाला टेकणार एवढ्यात विलासने खिडकीतून हात घालून फॉर्म बाजूला ओढला.

“नको. आधी मोजून घे.”

“विलास, गरज नाही.”

“आहे. एकेक बघून घे, माझ्यासमोर. हेल्मेट, बूट, टॉर्च, गॅस डिटेक्टर, सगळं. मी तिकडे पोहोचायचो आणि मागाहून तू ग्रुपवर लिहायचास. मला आता ते नको.”

त्याने पिशवी उचलून खिडकीच्या फळीवर ठेवली आणि तोंड उघडून दिलं. लिओ उठला. हात आत घालून त्याने हेल्मेट बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“एक,” विलास म्हणाला, आणि पुढच्या वस्तूची वाट बघत उभा राहिला.